शब्दचर्चा : औटघटकेचा गायक, खूळ, लाट, टूम. नेमकं काय म्हणायचं?

एका तरुण गायकाबद्दल दोन परिच्छेद लिहीत होतो. दोन वर्षांपूर्वी त्याचं गाणं उठता-बसता कानावर पडायचं. आज त्याचं नाव घेतलं तर समोरचा 'कोण?' म्हणतो. मी लिहून गेलो, 'तो औटघटकेचा राजा ठरला.' मसुदा वाचणाऱ्या मित्राने 'औट'वर खूण करून विचारलं, 'आउट' हवं ना? म्हणजे बाद झालेला?

त्याची चूक नाही. शब्द कानाला तसाच वाटतो. पण या 'औट'चा इंग्रजीशी काही संबंध नाही. औट म्हणजे साडेतीन. संस्कृत 'अर्धचतुर्थ', प्राकृत 'अद्धुट्ठ', त्यावरून औट. संतवाङ्मयात 'औट हात' म्हणजे हा साडेतीन हातांचा देह. पूर्वी मुलं पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी म्हणत, त्याच रांगेत साडेतीनचा पाढा 'औटकी'. एक घटका २४ मिनिटांची, म्हणजे औट घटका झाल्या ८४ मिनिटं. एखाद्याला राजा केलं आणि दीड तासाच्या आत उतरवलं, असा त्याचा शब्दशः अर्थ.

अर्थ समजावून सांगितला आणि मग माझंच वाक्य मला खुपायला लागलं. राज्य औट घटकेचं ठरलं, यात त्या मुलाचा काय दोष? त्याला गादीवर कोणी बसवलं, कोणी उतरवलं, याचा त्या शब्दात पत्ता नाही. राग मला आहे, तो दर महिन्याला नवा चेहरा उभा करून जुना पुसून टाकणाऱ्या प्रकाराचा. आणि माझ्या वाक्याने बोट दाखवलं त्या पोराकडे.

म्हणून दुसरे शब्द धुंडाळले. खूळ, वेड, लाट, साथ, फॅड. क्रियापदं बघा. खूळ डोक्यात शिरतं. वेड लागतं. लाट येते आणि ओसरते. साथ फैलावते. सगळं आपोआप! जणू हे हवापाण्यासारखं घडत असतं, कोणी घडवत नाही. करणाऱ्याला धरून ठेवणारा शब्द मराठीत आहे का?

प्रतिसाद

'औटकी' वाचून बरं वाटलं. मला ती पाठ होती.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर नाही, पण शेजारचं एक सांगतो. अशा गायकाबद्दल वर्तमानपत्रं हमखास लिहितात, 'धूमकेतूसारखा उगवला आणि मावळला.' ही उपमा चुकीच्या जागी बसवलेली आहे. धूमकेतू अचानक दिसतो हे खरं, पण त्यातले कित्येक परत येतात. हॅलेचा धूमकेतू १९८६ मध्ये येऊन गेला, पुन्हा २०६१ मध्ये येईल. क्षणात जळून जाते ती उल्का.

पण त्याहून नेमका शब्द खगोलशास्त्राच्या मराठीत तयार आहे : नवतारा. आकाशात जिथे काही दिसत नव्हतं तिथे एका रात्री झळझळीत तारा दिसतो, आणि काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पुन्हा मंदावतो. पूर्वी लोकांना वाटलं तारा नवा जन्मला, म्हणून हे नाव. प्रत्यक्षात तो नवा नसतोच. विझत आलेला लहानसा, अतिशय दाट तारा शेजारच्या जोडीदार ताऱ्याकडून वायू ओढून घेत राहतो, तो पृष्ठभागावर साचतो, आणि एका मर्यादेनंतर त्याचा भडका उडतो. आपल्याला दिसतो तो हा बाहेरून आलेल्या इंधनाचा भडका. तुमच्या गायकाचं यापेक्षा नेमकं वर्णन मला सुचत नाही.

प्रतिसाद

इतकं लांब कशाला जायचं? 'नव्याचे नऊ दिवस' म्हणा. सगळ्यांना कळतं.

मूळ लेखक

नवतारा मनापासून आवडला. वापरीन, पण सोबत दोन ओळी समजावून द्याव्या लागतील.

'नव्याचे नऊ दिवस' मला पटत नाही. त्या म्हणीत नवलाई सरते, वस्तू मात्र घरातच राहते. आपण तिला सरावतो आणि ती आपल्यातली होऊन जाते. गाण्याचंही पूर्वी असंच होत असे. सुरुवातीचं अप्रूप ओसरलं की गाणं ओठांवर रुळायचं. 'रुळणे' हे क्रियापदच पाहा किती शांत आहे, त्याला वेळ लागतो. आता नऊ दिवस संपले की गाणंच जागेवर नसतं. रुळायला दहावा दिवस मिळत नाही. मला सगळ्यात जास्त खंत याची वाटते. यातली काही गाणी खरोखर चांगली असतात, आणि ती चांगली आहेत हे कळण्याआधीच पुढचं येऊन आदळतं.

प्रतिसाद

एकाच गाण्यापुरत्या गाजलेल्या कलावंतासाठी मी 'एकगाणी' असा शब्द वापरते. एकवचनी, एकपाठी, एकमार्गी यांच्या वळणावर. 'एकगाणी गायक', 'एकगाणी जोडी'. कानाला मराठी वाटतो आणि त्यात हेटाळणी नाही.

प्रतिसाद

'एकगाणी' घडण म्हणून सुरेख आहे. अर्थाला मात्र माझी हरकत आहे.

'माकारेना' आठवा. १९९६ मध्ये ते गाणं 'बिलबोर्ड' या अमेरिकेतल्या गाजणाऱ्या गाण्यांच्या यादीत सलग १४ आठवडे पहिलं होतं. पोरासोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे तेच हातवारे करत होते. ते गाणारी 'लोस देल रिओ' ही स्पेनमधली जोडी जगभर एकाच गाण्याची म्हणून ओळखली जाते. पण ते दोघे १९६० च्या दशकापासून एकत्र गात होते. म्हणजे ते गाणं गाजलं तेव्हा त्यांच्यामागे तीस वर्षांचं गाणं होतं. शिवाय जगाने ऐकलं ते मूळ गाणंही नव्हे, दुसऱ्यांनी इंग्रजी ओळी घालून नाचासाठी नव्याने बांधलेलं रूप होतं.

मग एकगाणी कोण? ते की आपण? आपण त्यांचं एकच ऐकलं. 'एकगाणी' हा शब्द गायकाला लावलेला असला तरी सांगतो तो ऐकणाऱ्याबद्दल. 'अळवावरचं पाणी' या शब्दप्रयोगाचंही असंच आहे. आपण तो पाण्याच्या चंचलपणाबद्दल वापरतो. पण पाणी तेच आहे. ते मातीवर पडलं असतं तर मुरलं असतं.

मूळ लेखक

हे वाचून थांबावं लागलं. मातीवरचं वाक्य मी विसरणार नाही.

पण सगळं ऐकणाऱ्यावर टाकायला मन धजत नाही, आणि 'खूळ' या शब्दाची मला भीती वाटते ती याचसाठी. खूळ म्हटलं की ज्यांना ते लागलं ते खुळे ठरतात, मग त्यांच्या आवडीचा अपमान करायला आपण मोकळे. याचं वाईट रूप १२ जुलै १९७९ रोजी शिकागोत दिसलं. डिस्कोचं खूळ फार झालं म्हणून एका रेडिओ निवेदकाच्या पुढाकाराने बेसबॉलच्या मैदानात डिस्कोच्या तबकड्यांची पेटी स्फोट करून उडवली. हजारो लोक मैदानात घुसले, त्या दिवशीच्या दोन सामन्यांपैकी दुसरा रद्द करावा लागला. त्या लोकांचा वैताग मला समजतो. रेडिओ लावला की तेच, कुठेही गेलं की तेच, बडे बडे रॉक गायकसुद्धा तेच करायला लागलेले. पण डिस्को जिथून आलं ते कृष्णवर्णीय, लॅटिन आणि समलिंगी लोकांचे नाचाचे क्लब होते. त्याची कारखानदारी केली ती दुसऱ्यांनीच, आणि फुटल्या त्या गाणाऱ्यांच्या तबकड्या.

आणि 'लाट' म्हणाल, तर ती ओसरलीही नाही. त्याच शिकागोतल्या 'वेअरहाऊस' क्लबात १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला डिस्कोमधूनच 'हाऊस' हे नवं नाचाचं संगीत उभं राहिलं.

तेव्हा माझा प्रश्न तिथेच आहे. कारखानदाराला शब्द हवा.

प्रतिसाद

शब्द तुमच्या शीर्षकातच आहे आणि तुम्ही त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाहीत. टूम!

टूम 'निघते' हे खरं, पण टूम 'काढतात'सुद्धा. 'त्यांनी नवी टूम काढली.' इथे काढणारा वाक्यात हजर असतो.

प्रतिसाद

'काय नवीन खूळ काढलंयस!' हेही म्हणतातच की. फॅडही काढतात. मग टूममध्ये विशेष काय?

प्रतिसाद

प्रश्न रास्त आहे. फरक बारीक आहे, पण आहे. खूळ काढणारा स्वतः त्या खुळात असतो. पहाटे चारला उठून धावण्याचं खूळ ज्याने काढलं, तोच धावतो. टूम काढणाऱ्याला स्वतः त्यात असण्याची गरज नाही. तो काढतो आणि बाकीचे तिच्यामागे जातात. टूममध्ये थोडी युक्ती आहे, डोकं आहे. खुळात डोकं गेलेलं असतं.

उदाहरण देतो. फ्रँक फारियन नावाचा जर्मन निर्माता होता. १९७० च्या दशकात त्याने 'बोनी एम' हा गट उभा केला. मंचावर जो पुरुष नाचत-गाताना दिसे, त्याच्या तोंडचा रेकॉर्डवरचा आवाज खुद्द फारियनचा होता. पुढे त्याने 'मिली व्हॅनिली' काढलं. दोन देखणे तरुण पुढे उभे, आवाज पडद्यामागच्या गायकांचे. १९९० च्या फेब्रुवारीत त्यांना सर्वोत्तम नवोदित म्हणून ग्रॅमी मिळालं, नोव्हेंबरात खरा प्रकार उघड झाला आणि ते परत घेतलं गेलं. जगाची छी-थू वाट्याला आली ती त्या दोन मुलांच्या. त्यातला रॉब पिलाटस १९९८ मध्ये ऐन तारुण्यात गेला.

त्या दोघांना 'औटघटकेचे राजे' म्हणा, चाहत्यांना 'खुळे' म्हणा, वाक्यं व्याकरणाला धरून होतील. पण फारियन त्या वाक्यांत कुठेच येणार नाही. 'फारियनने टूम काढली' म्हटलं की येतो.

प्रतिसाद

मी गाणं शिकवते, त्यामुळे मला वेगळाच शब्द छळतो आहे : ध्रुवपद.

गाण्यात फिरून फिरून येणारी ओळ ती ध्रुवपद. ध्रुव म्हणजे न ढळणारं. कडवी येतात-जातात, ध्रुवपद जागेवर असतं, म्हणून प्रत्येक कडव्यानंतर तिथे परतताना घरी आल्यासारखं वाटतं. आता हल्लीचं गाणं ऐका. इंटरनेटवरून गाणी ऐकवणाऱ्या प्रवाही सेवांवर (स्ट्रीमिंग), उदाहरणार्थ स्पॉटिफायवर, ३० सेकंद ऐकलं गेलं तर ती एक वेळ मोजली जाते. त्याआधी श्रोता पुढे गेला तर मोजणीत काही नाही. मग गाणं करणारा ती लक्ष वेधणारी ओळ अगदी सुरुवातीलाच आणतो. छोट्या चित्रफितींसाठी तर तेवढाच पंधरा सेकंदांचा तुकडा कापतात आणि तोच फिरतो. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना ती ओळ येते, तिच्या पुढची-मागची येत नाही. कडव्यांकडे जाणंच नाही तर परतायचं कुठून? उरलं ते फक्त ध्रुवपद, आणि पुढच्या महिन्यात तेही नाही. जे ध्रुव म्हणून नाव लावतं तेच आधी नाहीसं होतं. मुलांवर मी चिडत नाही. त्यांना गाण्याची भूक आहे, वाढणारा एकेक घास दाखवून ताट उचलून नेतो.

जाता जाता एक. 'गाणं गाजलं' आणि 'गाणं वाजलं' यांत आपण फरक ठेवूया. गाजणं ऐकणाऱ्यांच्या मनावर ठरतं. वाजणं वाजवणाऱ्याच्या हातात असतं.

मूळ लेखक

सगळ्यांचे आभार. 'वाजलं' आणि 'टूम' हे दोन्ही घेतले. 'औटघटकेचा' काढला नाही, पण त्याची जागा बदलली. पूर्वीचं वाक्य होतं, 'तो औटघटकेचा राजा ठरला.' आता असं केलं आहे :

'त्याचं गाणं गाजण्याआधीच इतकं वाजवलं गेलं की त्याला कोणी नीट ऐकलंच नाही. औट घटका त्याला गादीवर बसवणाऱ्यांनी पुढची टूम काढली आहे. तो मात्र अजून गातो.'

शेवटचं वाक्य लिहिण्याआधी मी खात्री करून घेतली. त्याची तीन नवी गाणी आहेत. पहिलं कालपासून चार वेळा ऐकलं. दुसऱ्या कडव्यात तो एक सूर जरा जास्त वेळ धरून ठेवतो, तिथे मी दर वेळी थांबतो.