किंडरहूकमधील एकाच नावाचे दोन चुलतभाऊ: कॅनडात नेमका कोण गेला?

प्रश्न

माझ्या सुनेचे माहेर ऑंटारियो प्रांतातील आहे आणि आपले पूर्वज हडसन नदीच्या खोऱ्यातील डच होते, अशी त्या घरात जुनी समजूत आहे. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धानंतर एक पूर्वज क्विंटी उपसागराकाठी स्थायिक झाला, हे त्याच्या विवाहित मुलीने जमिनीसाठी केलेल्या अर्जावरून निश्चित होते, कारण वडील ब्रिटिश राजाशी राजनिष्ठ म्हणजे लॉयलिस्ट होते असे त्यात नमूद आहे. अडचण त्यापूर्वीची आहे. न्यूयॉर्क राज्यातील किंडरहूकच्या डच रिफॉर्म्ड चर्चच्या बाप्तिस्मा-नोंदवहीत त्याच नावाचे दोन मुलगे सापडतात, आणि ते सख्खे चुलतभाऊ आहेत. यांपैकी सीमा ओलांडणारा कोणता, हे कशावरून ठरवावे?

प्रतिसाद १

डच कुटुंबांत पहिल्या मुलाला बहुधा वडिलांच्या वडिलांचे नाव देत, त्यामुळे एकाच नावाचे अनेक नातू असणे स्वाभाविकच होते. परंतु हीच प्रथा येथे उपयोगी पडेल, कारण दोन्ही भावांचे आजोबा एकच असले तरी वडील वेगळे आहेत आणि म्हणून त्यांच्या थोरल्या मुलांची नावेही वेगळी असण्याचा संभव आहे. आपल्या पूर्वजाची मुले जन्मक्रमाने मांडून पाहावीत. त्याहून भक्कम आधार साक्षीदारांचा असतो: डच नोंदवह्यांत आईचे माहेरचे आडनाव लिहिलेले असते आणि बाप्तिस्म्याचे साक्षीदार बहुतेक वेळा आजी-आजोबा, काका, मावशी असेच असतात. १७८७ साली आलेले अँग्लिकन धर्मोपदेशक जॉन लँगहॉर्न यांच्या, त्याच उपसागराकाठच्या अर्नेस्टाउन व फ्रेडरिक्सबर्ग येथील नोंदीही पाहाव्यात, मात्र आईचे माहेर तेथे कळेलच असे नाही.

प्रतिसाद २

तो केव्हा आणि कोणाबरोबर आला, हे आधी ठरवणे मला अधिक महत्त्वाचे वाटते. किंडरहूकचेच मेजर पीटर व्हॅन ॲल्स्टीन यांची तुकडी १७८३ मध्ये न्यूयॉर्कहून जहाजाने निघाली, तिने क्वेबेकमधील सोरेल येथे हिवाळा काढला आणि जून १७८४ मध्ये ती क्विंटी उपसागराकाठच्या ॲडॉल्फसटाउनला उतरली. सर जॉन जॉन्सन यांच्या न्यूयॉर्क रॉयल रेजिमेंटचे सैनिक मात्र युद्धकाळातच क्वेबेकमध्ये होते. दोन्ही गटांची नावे हाल्डिमंड (क्वेबेकचे तत्कालीन गव्हर्नर) यांच्या कागदपत्रांतील हजेरीपटांत आणि शिधावाटपाच्या याद्यांत शोधता येतात. नुकसानभरपाईचा दावा केला असेल तर तो लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमधील ऑडिट ऑफिसच्या दप्तरांत मिळू शकेल, आणि अशा दाव्यात मूळ शेतजमीन कोठे होती हे सहसा स्पष्ट लिहिलेले असते. एक सावधगिरी: १७९२ मध्ये अप्पर कॅनडाचे (आजच्या ऑंटारियोचे) लेफ्टनंट गव्हर्नर सिमको यांनी जमीन देण्याची घोषणा केल्यावर केवळ शेतीसाठी आलेली डच आडनावाची कुटुंबेही पुष्कळ होती, त्यामुळे आडनावावरून राजनिष्ठा गृहीत धरू नये. आपल्या अर्जात तसा उल्लेख आहे, ही जमेची बाजू आहे. लॉयलिस्टांच्या मुलामुलींना प्रत्येकी २०० एकर देण्याची सवलत १७८९ च्या आदेशाने मिळाली होती आणि त्यासाठी वडिलांची ओळख पटवावी लागे.

प्रतिसाद ३

वरील दोन्ही सूचना योग्य आहेत, तरीही मी उलट दिशेने जाईन. जो गेला त्याचा पुरावा मिळत नसेल, तर जो राहिला त्याचा शोधावा. किंडरहूक १७८६ पर्यंत ऑल्बनी काउंटीत होते आणि त्या वर्षी नव्या कोलंबिया काउंटीत गेले. म्हणून आधीची मृत्युपत्रे आणि जमिनीचे व्यवहार ऑल्बनीच्या दप्तरात, तर नंतरचे कोलंबियाच्या दप्तरात पाहावे लागतील. १७९० च्या पहिल्या अमेरिकी जनगणनेत कुटुंबप्रमुखांचीच नावे असली तरी तेवढ्यानेही एक उमेदवार बाद होऊ शकतो. त्या दोघांच्या वडिलांच्या मृत्युपत्रांत मुलाचा वाटा कसा मांडला आहे, हेही पाहा. शिवाय १७७९ च्या न्यूयॉर्क कायद्याने राजनिष्ठांची मालमत्ता जप्त होत असे, आणि जप्तीच्या कागदांत दोघांपैकी एकाचेच शेत निघाले, तर शोध तेथेच संपण्याची शक्यता मोठी आहे. दोघांचीही शेते जप्त झालेली आढळली, तरच मुलांच्या नावांच्या क्रमाकडे वळावे. तो अनुमानाचा आधार आहे, पुराव्याचा नव्हे.