लिग्निन (पेशीभिंत कडक करणारा लाकडातला पदार्थ) कुठं भरायचं आणि कधी थांबायचं, हे मुळाच्या पेशीला कसं कळतं?

येरळाकाठ
मी तासगाव तालुक्यात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. परवा प्रात्यक्षिकाला ओल्या फडक्यात रुजवलेल्या हरभऱ्याच्या मुळाचे ब्लेडनं काप घेतले आणि त्यावर फ्लोरोग्लुसिनॉल व तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल टाकलं (यानं लिग्निन लाल होतं; आम्ल मुलांच्या हातात दिलं नाही, मीच टाकलं). मधल्या जलवाहिन्या लालभडक झाल्या, ते दरवर्षीचंच. पण एक काप इतका पातळ निघाला की त्यांच्या बाहेरच्या अंतस्त्वचेच्या (गाभ्याला वेढणाऱ्या पेशींच्या एकेरी थराच्या) गोलात, दर दोन पेशींच्या मधल्या भिंतीवर, एकेक बारीक लाल ठिपका दिसला. पोवळ्यांची माळ ठेवावी तसा. बाकीच्या भिंतीला रंगच नाही. टोकापासून तीन-चार मिलिमीटरवरच्या कापात ठिपके नव्हते, दोन सेंटिमीटरवर होते.

"कॅस्पेरियन पट्टी", पेशींच्या मधली वाट अडवणारी, एवढं सांगून आपण पुढं जातो. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, जलवाहिनीच्या भिंतीत एवढं लिग्निन भरतं, मग इथं ठिपक्यापुरतंच का? आणि पुरे झालं हे कोण सांगतं?" सोमवारी सांगते म्हणाले आहे. कुणी नीट समजावेल का?

कराडकर_मुळं
मॅडम, मुलीनं नेमका गाभ्याचा प्रश्न विचारला. मी पीएच.डी.ला यावरच काम करतो. पुढचं बहुतेक ज्ञान अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या रोपावरून आलेलं आहे.

ठिपका म्हणजे पट्टीचा काप. प्रत्यक्षात ती पेशीच्या कमरेला करगोट्यासारखी असते आणि शेजारणीच्या करगोट्याला चिकटलेली असते. जागा ठरवतात कॅस्प नावाची प्रथिनं (२०११ साली सापडली). ती पेशीपटलात कमरेभोवती रांग धरून बसतात आणि लागणारी हत्यारं तिथंच जमवतात: एक विकर हायड्रोजन पेरॉक्साइडची सोय करतं, दुसरं, पेरॉक्सिडेज, त्याच्या जोरावर लिग्निनचे सुटे घटक जोडतं. घटक सगळीकडं फिरले तरी जोडणी तिथंच होते, म्हणून ठिपका.

थांबायचं कसं, तर मुळाच्या गाभ्यात सीआयएफ नावाचे छोटे पेप्टाइड (प्रथिनांसारख्या लहान साखळ्या) बनतात (२०१७). त्यांना ओळखणारा ग्राहक, एसजीएन३, अंतस्त्वचेच्या पेशीवर असतो. पण त्याचा निरोप पुढं नेणारा साथीदार पट्टीच्या फक्त बाहेरच्या बाजूला असतो. पट्टीत फट असेल तर पेप्टाइड त्या फटीतून बाहेर झिरपतं, ग्राहकाला भेटतं, आणि "अजून भरा" असा निरोप जातो. फट बुजली की पेप्टाइड आतच अडकतं आणि काम थांबतं. पट्टी मुद्दाम बिघडवलेल्या रोपांत निरोप थांबतच नाही, मग पेशीच्या कोपऱ्यांतही लिग्निन भरत राहतं.

वाळव्याचा_ऊसवाला
हे तर दारं धरल्यासारखंच झालं, म्हणजे सरीसरीनं पिकाला पाणी पाजल्यासारखं. रात्री बांध फुटलाय हे कसं कळतं? शेजारच्या सरीत पाणी दिसलं की. मग माती टाकायची, पाणी यायचं थांबलं की खोरं खाली ठेवायचं.

माझी नदीकडंची दोन एकर चोपण (खारवट) झाली आहे. एवढी पक्की पट्टी असताना मीठ आत जातं कसं? आणि ती वाढवायला काही सोडता येतं का?

कराडकर_मुळं
दादा, पट्टी फक्त पेशींच्या मधली वाट अडवते. सोडियम पेशीपटलातल्या वाटांनीही शिरतं, आणि पांढऱ्या मुळीच्या टोकाला पट्टी अजून तयार नसते. आडव्या मुळ्या फुटतात तिथंही वाट मोकळी होते. मीठ वाढलं की मूळ स्वतःच सुबेरिन नावाचा मेणासारखा थर चढवतं. पण रानाला पाण्याचा निचराच नसेल तर ते किती पुरणार? बाटलीतल्या कुठल्याही औषधावर पैसे घालू नका. सच्छिद्र पाइपचा भूमिगत निचरा हा मुख्य इलाज, आधी माती तपासून घ्या.

येरळाकाठ
दोघांचेही मनापासून आभार. दाऱ्याचं उदाहरण वर्गात सांगणार आहे, आमची निम्मी मुलं रात्री दारं धरूनच शाळेत येतात. दादा, तुमच्या चोपणातल्या आणि चांगल्या रानातल्या उसाची थोडी पांढरी मुळी मिळेल का? दोन्हींचे काप शेजारी ठेवून बघायचे आहेत.

वाळव्याचा_ऊसवाला
देतो की. रविवारी भाचा तासगावला येतोय, ओल्या फडक्यात बांधून त्याच्याजवळ पाठवतो. कुठल्या रानातली कुठली ते गाठीवरून ओळखा, चोपणातलीला दोन गाठी.