नामवंत आर्किटेक्टचा प्रत्येक गोल्फ कोर्स चांगलाच असतो का?

बेसाइडकर (मेलबर्न)
रविवारी खेळून झाल्यावर आमच्या चौघांत वाद पेटला. एकाचं म्हणणं, ‘आर्किटेक्टचं नाव मोठं असलं की डोळे झाकून पैसे भरावेत.’ मला हे अजिबात पटत नाही.

मी राहतो तिथे अ‍ॅलिस्टर मॅकेन्झी या गोल्फ आर्किटेक्टचं नाव अत्यंत आदराने घेतात. हा माणूस १९२६ च्या शेवटी ऑस्ट्रेलियात आला, काही आठवडे राहिला आणि गेला, तो पुन्हा आलाच नाही. इथल्या रॉयल मेलबर्न क्लबचा वेस्ट कोर्स खुला झाला १९३१ मध्ये. मधल्या वर्षांत वाळू कुणी हलवली, बंकरच्या (वाळूच्या खड्ड्यांच्या) कडा कुणी कोरल्या? ग्रीनकीपर (मैदान राखणारा) मिक मॉरकम आणि मॅकेन्झीचा सहकारी अ‍ॅलेक्स रसेल यांनी. पुढे रसेलने त्याच क्लबचा ईस्ट कोर्स आखला. प्रेसिडेंट्स कप ही सांघिक स्पर्धा इथे झाली ती वेस्टची १२ आणि ईस्टची ६ होल (कोर्सचे टप्पे) एकत्र करून. २०१९ मध्ये मी दोरीच्या अलीकडे उभा राहून ती दिवसभर पाहिली. कुठे मॅकेन्झी संपला आणि कुठे रसेल सुरू झाला, मला ओळखता आलं नाही.

दुसरं उदाहरण डोनाल्ड रॉसचं. सुमारे ४०० कोर्स त्याच्या नावावर, त्यातले कित्येक नकाशावर आखून धाडलेले. अमेरिकेतला पाइनहर्स्ट नंबर २ मात्र त्याच्या घराला लागून होता. १९०७ पासून १९४८ मध्ये जाईपर्यंत तो त्यावर हात फिरवत राहिला. आज सगळ्यात जास्त नावाजला जातो तो हाच कोर्स.

म्हणजे ज्याला आपण आर्किटेक्टचं सातत्य म्हणतो, ते बरंचसं जमिनीचं आणि जागेवर थांबलेल्या माणसांचं असतं.

शमिका_डी
असहमत. मॉरकम आणि रसेल यांना घडवलं कुणी? काम कुणाच्या हाती सोपवायचं हे ओळखणं हासुद्धा डिझाइनचाच भाग आहे.

आणि मॅकेन्झीला फक्त मेलबर्नच्या वाळूवर का तोलता? कॅलिफोर्नियातला सायप्रस पॉइंट १९२८ मध्ये, थेट समुद्रकड्यावर. पासाटिएम्पो १९२९ मध्ये, ओढ्या-घळींनी चिरलेल्या उतारावर. मिशिगनमध्ये दोन तळ्यांच्या मधला क्रिस्टल डाउन्स. मग ऑगस्टा, जिथे पूर्वी फळझाडांची रोपवाटिका होती आणि खाली लाल चिकण माती. जमीन वेगळी, बांधणारे हात वेगळे. तरी चारही ठिकाणी फेअरवे (चेंडू पुढे न्यायची गवताची पट्टी) रुंद, आणि ग्रीनवर (भोकाभोवतीच्या बारीक गवतावर) जायची योग्य बाजू मात्र एकच. नवख्याला वाट मिळते, कसलेल्याला विचार करावा लागतो. चार ठिकाणी तेच जमतं तेव्हा त्याचं श्रेय मातीला कसं देणार?

बेसाइडकर (मेलबर्न)
सायप्रस पॉइंटबद्दल तुमचं मान्य, तिथे मी हरलो. ऑगस्टाबद्दल नाही. मॅकेन्झी जानेवारी १९३४ मध्ये वारला, तिथली पहिली मास्टर्स स्पर्धा त्यानंतर मार्चमध्ये झाली. १९३७ मध्ये त्याचा सहकारी पेरी मॅक्सवेलने दहाव्या होलची ग्रीन उचलून मागे, उंचावर नेली. आज टीव्हीवर दिसणाऱ्या त्या होलचं श्रेय मॅकेन्झीला कसं द्यायचं?

आणि हेच पेरी मॅक्सवेल क्रिस्टल डाउन्सवर मॅकेन्झी निघून गेल्यावर काम पुरं करायला मागे थांबले होते.

माळरान७२
दोघंही जुन्या काळात अडकलात. बिल कूर आणि बेन क्रेनशॉ ही आजची आर्किटेक्ट जोडी बघा. नेब्रास्कातल्या सँड हिल्सवर त्यांनी फिरून फिरून १३० हून अधिक होल हेरली आणि त्यातली १८ निवडली. कोर्स १९९५ मध्ये सुरू झाला. माती जवळजवळ हलवलीच नाही. पुढे बँडन ट्रेल्स झाला. पाइनहर्स्ट नंबर २ वरचं दाट गवत काढून उघडी वाळू परत आणली, आणि २०१४ मध्ये तिथे लागोपाठच्या दोन आठवड्यांत पुरुषांची आणि महिलांची यूएस ओपन झाली. त्यांचं एकही काम फसलेलं नाही. कारण ते मोजकीच कामं घेतात आणि स्वतः जागेवर असतात. सातत्य शक्य आहे, त्यासाठी आलेल्या कामाला नाही म्हणता आलं पाहिजे.

उलट रॉबर्ट ट्रेंट जोन्सने जगभर शेकड्यांनी कोर्स केले. १९७० च्या यूएस ओपनमध्ये त्याच्या हेझल्टाइन कोर्सवर खेळाडूंनी इतकी नाराजी दाखवली की पुढे तो बराच बदलावा लागला.

लोहगावचा_सेव्हन_आयर्न
माळरान, तुमचं उदाहरण फार सोयीचं आहे. वाळू, वारा, मोकळं माळ दिलं तर काम बिघडवायलाच कष्ट पडतील. माझा प्रश्न असा, आमच्याकडची काळी माती दिली तर?

मी पंधरा वर्षं पुणे-मुंबई पट्ट्यात खेळतोय. एका कोर्सचं (नाव घेत नाही) डिझाइन परदेशी पाहुण्याने केलं. कागदावर सुंदर. पहिल्याच जुलैत तीन फेअरवेंवर घोट्याएवढं पाणी, कारण ज्या खोलगट जागेत चेंडू गोळा व्हावा असं त्यांनी ठरवलं, तिथे आधी पाणी गोळा झालं. मे महिन्यात तीच जमीन बोटभर भेगाळते. तो माणूस आपल्या देशात नक्कीच चांगला असणार. आमच्या पावसाला तो नवा होता.

चिखलातलं काम म्हणून मी आर्किटेक्ट पीट डायला मानतो. त्याचा सॉग्रास कोर्स म्हणजे फ्लोरिडाची दलदल. चांगली वाळू सापडली ती नेमकी सतराव्या होलच्या आसपास, म्हणून ती उपसत गेले आणि मोठा खड्डा उरला. तिथे मधोमध ग्रीन ठेवून भोवती पाणी सोडायचं सुचवलं त्याच्या पत्नीने, अ‍ॅलिस डायने. जगातलं बहुधा सर्वांत ओळखीचं होल असं मातीच्या अडचणीतून निघालं. आर्किटेक्टची परीक्षा तिथे बघायची.

शमिका_डी
लोहगाव, हे उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. खड्डा कुणाच्याही वाट्याला आला असता, त्यात ग्रीन दिसायला नजर लागते.

लोहगावचा_सेव्हन_आयर्न
नजर हवीच, त्याला ना नाही. पण ती जागेवर वर्षभर राहिलेली हवी, चारही महिने पावसाचे पाहिलेली. दोन भेटींत ती कुणालाच येत नाही, नाव कितीही मोठं असो.

बेसाइडकर (मेलबर्न)
मी जुलैत पुण्याला येतोय. त्या तीन फेअरवे मला दाखवाल का?

लोहगावचा_सेव्हन_आयर्न
जरूर. पाऊस थांबल्यावर दोन तासांनी जाऊ, तेव्हा पाणी कुठून कुठे जातं ते नीट दिसतं. गमबूट आणा.