गावी डेस्कटॉपला नेट: जुना डोंगल चालवू की नवं काही घेऊ?

सह्यकडा: लांजा तालुक्यात आमच्या घरी आईबाबा दोघंच असतात. वाडीपर्यंत फायबर आलेलं नाही. बाबांच्या जुन्या डेस्कटॉपला वायफाय नाही, त्यावर मी विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही सिस्टीम टाकून दिलीय. सातबारा बघणं, बँकेची कामं आणि संध्याकाळी नातवंडांशी व्हिडिओ कॉल, एवढाच वापर. घरात हुआवेचा ई१७३ डोंगल (सिम घालून यूएसबीला लावायचा नेटचा मोडेम) पडून आहे. एअरटेलचं सिम घालून लावला तर नुसती सीडी दिसते, आत विंडोजचं सेटअप. हा चालेल का? नसेल तर काय घेऊ? मी पुण्यात असतो, त्यामुळे बाबांना फोनवरून सांगता येईल असं सुचवा.

तारजोड: डोंगल बिघडलेला नाही. विंडोजचा ड्रायव्हर त्याच्याच पोटात असतो म्हणून तो आधी सीडी असल्याचं सांगतो आणि ड्रायव्हर बसल्यावर मोडेम होतो. लिनक्सवर हे रूपांतर यूएसबी-मोडस्विच नावाचं छोटं सॉफ्टवेअर करतं. ते मिंटमध्ये बहुधा असतंच. नसलं तर बाबांचा फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग (फोनचं नेट कॉम्प्युटरला देणं) चालू करा आणि त्या नेटवर उतरवून घ्या. मग डोंगल काढून परत लावा, अर्धा मिनिट थांबा. नेटवर्कच्या चिन्हात मोबाइल ब्रॉडबँड दिसेल. तिथे देश आणि कंपनी निवडा. एपीएन (कंपनीच्या नेटच्या जोडणीचं नाव) विचारला तर एअरटेलला ‘एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम’, बीएसएनएलला ‘बीएसएनएलनेट’. नंबर *९९#, युजरनेम-पासवर्ड कोरे.

रानमेवा: वरचं सगळं बरोबर आहे, पण व्हिडिओ कॉलसाठी त्यात वेळ घालवू नका. ई१७३ हा ३जी डोंगल. एअरटेलने ३जी बंद केलंय, त्यामुळे तो २जीवर जाईल. ‘कनेक्टेड’ दिसेल, आणि सातबाऱ्याचं पान उघडायलाही बाबा ताटकळत बसतील. जिओचं सिम तर त्यात चालणारच नाही, जिओकडे २जी-३जी कधी नव्हतंच.

आधी एक सांगा, घरात रेंज नेमकी कुठे आहे?

सह्यकडा: माडीच्या गॅलरीत एअरटेल ४जी छान. खाली, जिथे कॉम्प्युटर आहे, तिथे जेमतेम एक काडी.

रानमेवा: मग डोंगल नकोच. यूएसबीची साधी केबल ५ मीटरच्या पुढे भरवशाची नसते, माडीवरून खाली ती पुरणार नाही. सिम घालता येणारा, लॅन पोर्ट (नेटवर्कची केबल लावायचं भोक) असलेला ४जी राउटर घ्या, माडीवर खिडकीशी ठेवा आणि लॅनची केबल खाली सोडा. लॅन १०० मीटरपर्यंत चालते. बाबांना तर काही करावंच लागत नाही, कॉम्प्युटर चालू केला की नेट असतं. माझ्या आईवडिलांकडे हेच आहे, आणि ‘कनेक्ट कुठे दाबू’ हा फोन आता येत नाही.

तारजोड: पटलं. फक्त पावसाळ्यात लाइट जाते त्याचा विचार करा. डोंगल कॉम्प्युटरवरच चालतो, राउटरला मात्र वेगळी वीज लागते. इन्व्हर्टरचा पॉइंट माडीवर आहे का ते बघा.

घेताना खोक्यावर नुसतं ‘४जी’ वाचून पैसे देऊ नका, बँडची, म्हणजे तो कोणत्या फ्रिक्वेन्सी पकडतो त्याची, यादी मागा. आपल्याकडे बँड ३, ५, ८ आणि ४० असलेले बरे. पुढे बीएसएनएल घ्यायचं मनात असेल तर १ आणि २८ सुद्धा. कंपनीने आपल्याच सिमला कुलूप लावून विकलेला नको, उद्या टॉवर बदलला की तुम्ही अडकाल.

सह्यकडा: इन्व्हर्टर माडीवर आहे. गणपतीला जाईन तेव्हा बसवतो. राउटर गॅलरीत नेमका कुठे ठेवायचा, हे काड्यांवरूनच ठरवायचं का?

रानमेवा: काड्यांवर जाऊ नका. राउटरच्या सेटिंगच्या पानावर आरएसआरपी असा सिग्नलच्या ताकदीचा आकडा असतो. उणे ९० च्या आसपास असेल तर उत्तम, उणे ११० च्या खाली (उणे ११५, १२० असा) गेला तर जागा बदला. हातभर सरकवलं तरी फरक पडतो. आणि मिंटचे आपोआप होणारे अपडेट चालू असतील तर बंद करून या, नाहीतर दिवसाचा डेटा सकाळीच संपेल.