गिनीपिगांच्या पंगतीत वाटणी कशी करता?

लोकहो, एकाच पिंजऱ्यात दोन-तीन गिनीपिग असले की एक वाडगा अडवून बसतो आणि दुसरा कोपऱ्यातून बघत राहतो. आमची ढमी स्वतःची काकडी तोंडात असताना ठमीच्या तोंडातली ओढून नेते. तुम्ही काय करता? जमलेलं, फसलेलं, सगळं लिहा.

*

वाडगा काढून टाका, अर्धं भांडण तिथेच मिटतं. वाडग्यावर पहारा ठेवता येतो, पिंजराभर विखुरलेल्या दाण्यांवर नाही. आम्ही पेलेट (तयार खाद्याचे दाणे) सुक्या गवतात उधळतो. मग दोघं नाक खुपसून शोधत बसतात आणि बकाबका खाणंही थांबतं.

*

आमचे दोन नर आहेत. काळू दुसऱ्याला हुसकावताना आधी कंबर झुलवत गुरगुरतो. तिथपर्यंत आम्ही लक्ष देत नाही, त्यांचा मानपान त्यांनी बघावा. दात कटकटायला लागले की मात्र मध्ये पुठ्ठा सरकवायचा. हात अजिबात घालू नका, चावा खोल बसतो. शिवाय गवताचे ढीग जनावरांपेक्षा एक जास्त ठेवायचे आणि लपायच्या घराला दोन दारं हवीत. एकच दार असलं की दांडगोबा तिथे ठाण मांडतो आणि आतला अडकतो.

*

मला हा समान वाटणीचा हट्टच पटत नाही. त्यांचं खरं जेवण म्हणजे सुकं गवत. ते रात्रंदिवस पुरून उरेल इतकं असलं की काकडी कोणी पळवली याने फारसं बिघडत नाही. दात जन्मभर वाढतात, ते गवत चावूनच झिजतात, आतडीही त्यावरच चालतात.

अपवाद क जीवनसत्त्वाचा. आपल्यासारखंच त्यांच्या शरीरातही ते तयार होत नाही. प्रौढ, निरोगी गिनीपिगाला वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण १० ते ३० मिलिग्रॅम लागतं. म्हणून ढोबळी मिरचीचा तुकडा मी प्रत्येकाला हातानेच भरवते आणि गिळेपर्यंत उठत नाही. पाण्यात थेंब टाकायच्या भानगडीत पडू नका. ते लवकर निकामी होतं, आणि चव बदलली की काही जण पाणीच कमी पितात.

*

वाडग्याकडे बघून काही कळत नाही, वजनकाटा आणा. स्वयंपाकघरातला ग्रॅमवाला पुरतो. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, भाजी द्यायच्या आधी वजन करून वहीत लिहायचं.

आमची पिंगळी रोज पंगतीला हजर, तोंडही हलायचं, पण आकडा खाली येत होता. घरच्यांचा संशय गब्बूवर, तोच सगळं खातो म्हणून. मी जमिनीवर पालथा पडून बघत राहिलो. ती गाजराचा तुकडा उचलायची, तोंडात घोळवायची आणि ओला लगदा खाली पडायचा. हनुवटीखालची लव सतत भिजलेली. डॉक्टरांनी तपासलं तर मागच्या दाढा वाढून जिभेवर आल्या होत्या. भूल देऊन त्या घासल्या, मग सिरिंजने पातळ खाणं भरवलं. त्या काळात गब्बूला दुसऱ्या खोलीत हलवलं नाही, पिंजऱ्यातच मध्ये जाळी लावली. वास तुटला की पुन्हा एकत्र आणताना नव्याने मारामाऱ्या होतात.

*

भाजी लांब पट्ट्यांत कापा आणि पिंजऱ्याच्या दोन टोकांना एकाच वेळी द्या. एवढंच.

*

घरात गाभण मादी किंवा लहान पिल्लं असतील तर त्यांचं अल्फाल्फा (लसूणघास) वेगळं, मांडीवर घेऊन द्या. त्यात कॅल्शियम भरपूर असतं. त्यांना चालतं, मोठ्यांना रोज मिळालं तर मूतखड्याचा धोका वाढतो. आणि वर काट्याचं लिहिलंय त्यात भर: कोणी खाणं पूर्ण सोडलं तर पुढच्या वजनाच्या दिवसाची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.

*

धागाकर्ती: दाणे उधळून बघितले. ठमी आता निवांत चरते. ढमी मात्र गवत सोडून, ठमी जिथे हुंगते नेमकी तिथेच जाऊन खाते! यावर कोणाकडे काही उपाय?