फ्लेम स्कॅलप आणि पाणी गाळून खाणारे इतर जीव : नाशिकमध्ये टिकतील का?

खारी_लाट, कॉलेज रोड :
नमस्कार. माझी दोनशे लिटरची रीफ टाकी (खाऱ्या पाण्यातील मासे आणि कोरल म्हणजे प्रवाळे यांची टाकी) वर्षभरापासून व्यवस्थित सुरू आहे. तिच्यात क्लाउनफिशची जोडी, एक गोबी, झोअँथस आणि मशरूम कोरल आहेत. स्किमर (फेसासोबत पाण्यातील घाण बाहेर काढणारे यंत्र) आहे, चिलर (पाणी थंड ठेवणारे यंत्र) नाही. मुंबईतील एक दुकानदार फ्लेम स्कॅलप हा लाल शिंपला मागवून देण्यास तयार आहे आणि त्यासोबत एखादा फेदर डस्टर, म्हणजे नळीत राहणारा तुरेवाला समुद्री किडाही घ्यावा, असा माझा विचार आहे. जीव, खाद्य आणि साधने मिळून ८,००० रुपयांच्या वर मला जाता येणार नाही. ‘याला वेगळे काही खायला घालावे लागत नाही, पाण्यातले काय ते गाळून घेतो,’ असे दुकानदाराचे म्हणणे आहे. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

सातपूरकर :
ताई, सर्वांत आधी चिलर घ्या. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो आणि बंद खोलीतील टाकीचे पाणी बघता बघता ३१-३२ अंशांवर जाते. पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो आणि नेमकी त्याच वेळी जिवांची प्राणवायूची गरज वाढते. माझ्या टाकीचे तापमान ऐन वैशाखातही २५ अंशांवरून हललेले नाही. ८,००० रुपयांत चिलर बसत नाही, हे मान्य. परंतु या छंदात हात आखडता घेऊन चालत नाही.

गोदाकाठ, पंचवटी :
तापमानाचा मुद्दा योग्य आहे, परंतु टाकीत ठेवलेले स्कॅलप बहुधा उपासमारीने मरतात. दुकानदाराचे वाक्य अर्धेच खरे आहे. हा जीव पाणी गाळूनच खातो, पण त्या पाण्यात खाण्याजोगे वनस्पती प्लवक (तरंगणारे सूक्ष्म शैवाल) असावे लागते, आणि कोरलसाठी आपण स्किमर व फिल्टर सॉक (गाळणीची पिशवी) लावून पाणी जितके नितळ करतो, तितके त्याचे ताट रिकामे होत जाते. अंगातल्या साठ्यावर तो काही महिने तग धरतो, त्यामुळे मालकाला सगळे आलबेल वाटते. रोज फटीतून आत डोकावून पाहावे : शिंपल्याच्या कडेपर्यंत भरलेले लाल मँटल (अंगाभोवतीचे मऊ आवरण) आत सरकू लागले, आणि वरून हाताची सावली पडताच चटकन मिटणारी शिंपली रेंगाळत मिटू लागली, तर उपासमार बरीच पुढे गेली आहे, असे समजावे.

नाशिकरोड_नितळ :
वरील दोन्ही सदस्यांशी सहमत आहे. चिलर हवा आणि खाद्यही हवे. स्कॅलपचा नाद सोडून फेदर डस्टरच घ्यावा, मात्र तो डोळ्यांत तेल घालून निवडावा. हा किडा घाबरला किंवा त्याला पाणी मानवले नाही, तर आपला तुरा टाकून देतो आणि प्रकृती ठीक असल्यास काही आठवड्यांत नवा तुरा काढतो, हे खरे आहे. याच सत्याचा आधार घेऊन एका दुकानाने मला चक्क रिकामी नळी विकली आणि ‘तुरा येईल, धीर धरा’ असे वर ऐकवले. तुरा पूर्ण फुललेला असावा आणि काचेसमोर हात नेताच तो नळीत ओढला जावा, एवढे स्वतः पाहिल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

डहाणूकडचा :
एवढा खटाटोप कशासाठी? मी गावाहून समुद्राचे पाणी कॅनमध्ये भरून आणतो. मीठ विकत घ्यावे लागत नाही आणि प्लवक फुकट मिळते.

गोदाकाठ, पंचवटी :
बंद कॅनमध्ये, अंधारात आणि घाटातल्या उन्हात त्यातले बरेचसे प्लवक मरते व तेच पाणी नासवते. शिवाय किनाऱ्याजवळच्या पाण्यात काय मिसळलेले असेल, याचा नेम नाही. माशांच्या औषधांत असणारे तांबे तर अत्यल्प प्रमाणातही या जिवांना मारक ठरते.

डहाणूकडचा :
माझे मासे ठणठणीत आहेत.

इंदिरानगर_रीफ :
मासे आणि शिंपले यांची सहनशक्ती सारखी नसते, पण तो वाद बाजूला ठेवू. ताई, शिंपला घ्यायचाच असेल तर डिस्को क्लॅम घ्या. अंधारात विजेसारखा चमकतो. किंवा सरळ ट्रायडॅक्ना हा महाकाय शिंपला घ्या, म्हणजे खाद्याची कटकटच नको. त्याच्या मँटलमधील शैवाल प्रकाशावर अन्न तयार करते. मी त्यासाठी परदेशी दिवा मागवला आहे. तुमच्या बजेटमध्ये बसेल की नाही, ते पाहा.

देवळाली_कॅम्प :
दोन दुरुस्त्या आवश्यक आहेत. डिस्को क्लॅम स्वतः प्रकाश निर्माण करत नाही; त्याच्या मँटलच्या कडेला एका बाजूने सिलिकाचे अतिसूक्ष्म गोल असतात, ते बाहेरचा प्रकाश परावर्तित करतात आणि ती कड झपाट्याने उलटसुलट होत असल्यामुळे लुकलुक दिसते. दिवा मालवा, चमक संपली. दुसरे अधिक गंभीर आहे. ट्रायडॅक्ना मॅक्सिमा व ट्रायडॅक्ना स्क्वामोसा यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. कठीण सांगाड्याची प्रवाळे आणि समुद्रकाकड्याही त्यात येतात, आणि दुकानात रंगीत दिसणारे सी ॲपल ही समुद्रकाकडीच होय. त्यामुळे ‘मिळते ना, मग घ्या’ असा सल्ला येथे देऊ नये.

सातपूरकर :
कायदा आपल्या जागी आहे. चिलरचे काय ठरले?

गोदाकाठ, पंचवटी :
चिलर परवडत नसेल तर पाण्याच्या पृष्ठभागावर वारा जाईल असे दोन लहान पंखे बसवावेत. आपल्याकडचा उन्हाळा कोरडा असल्याने बाष्पीभवन भरपूर होऊन पाणी दोन-तीन अंश तरी उतरते. पावसाळ्यात हा उपाय फारसा चालत नाही, पण तेव्हा तितकी गरजही नसते. उडालेल्या पाण्याच्या जागी केवळ आरओचे गोडे पाणी घालावे, खारे घातल्यास क्षारता चढत जाते. ती ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग क्षार) आसपास राहिली पाहिजे. खाद्याबाबत आणखी एक गोष्ट कोणी सांगितलेली नाही. बाजारात ज्याचा बोलबाला आहे, ते नॅनोक्लोरोप्सिस हे सूक्ष्म शैवाल जेमतेम दोन-तीन मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते आणि अनेक शिंपल्यांच्या कल्ल्यांतून इतके बारीक कण निसटून जातात. त्यापेक्षा आयसोक्रायसिस हे शैवाल किंवा सुमारे दहा मायक्रॉनचे टेट्रासेल्मिस यांचे मिश्रण उपयोगी पडते. माझ्याकडे टेट्रासेल्मिसचे कल्चर (घरी वाढवलेले जिवंत शैवाल) सुरू आहे. एवढे सांगूनही माझा सल्ला नाशिकरोडकरांप्रमाणेच आहे : फेदर डस्टर घ्या, स्कॅलप नको.

खारी_लाट, कॉलेज रोड :
सर्वांचे आभार. विचारांती मी फेदर डस्टर रद्द करून स्कॅलपच घेण्याचे ठरवले आहे, याबद्दल रोष नसावा. घरात पडून असलेली चाळीस लिटरची टाकी मुख्य टाकीला लहान पंपाने जोडून तिच्यात एक सावलीची कपार रचणार आहे. दिवसातून दोनदा पंप थांबवून तेथे प्लवक सोडायचे आणि दोन-तीन तासांनी पंप पुन्हा सुरू करायचा, म्हणजे उरलेला भाग मुख्य टाकीतील स्किमर काढून घेईल. पंपाच्या तोंडाला स्पंजही बांधणार आहे, कारण हा जीव एका जागी बसत नाही असे वाचले आहे. पंखे आणि पंप धरून खर्च मर्यादेत राहतो. कल्चर नीट हिरवे होईपर्यंत स्कॅलप मागवणार नाही. गोदाकाठ, आपल्याकडून थोडे टेट्रासेल्मिस मिळू शकेल का?

गोदाकाठ, पंचवटी :
रविवारी सकाळी या. साबण न लागलेली स्वच्छ बाटली आणा, ती काठोकाठ भरू नका, वर हवा राहू द्या, आणि घरी पोचताच झाकण काढून हवेची नळी सोडा. उन्हाळ्यात कल्चर तिशीच्या वर तापले की मरून तळाशी बसते, म्हणून त्यातली एक बाटली सैल झाकणाने फ्रिजमध्ये राखून ठेवा.