सक्तीचा परदेश दौरा: अभ्यासक्रमाच्या शुल्कात न दिसणारा खर्च

चैत्रपालवी:
मी न्यू जर्सीत व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या सत्रात आहे. यजमानांच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसामुळे मी एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर आले आणि गेल्या वर्षी इथेच राहून स्टेटस (देशात राहण्याचा दर्जा) बदलून विद्यार्थ्यांचे एफ-१ घेतले. पदवीसाठी माद्रिद आणि बार्सिलोना असा दहा दिवसांचा, तीन क्रेडिटचा दौरा सक्तीचा आहे. माहितीपत्रकात ‘निवास व स्थानिक प्रवास शुल्कात समाविष्ट’ एवढेच वाक्य होते आणि प्रवेशाच्या आनंदात मीही ते वरवरच वाचले. आता हिशेब मांडायला बसले, तर विमानभाडे, व्हिसा, विमा आणि चार वर्षांच्या मुलीला सांभाळण्याची व्यवस्था हे सारे माझ्याच माथी आहे. अमेरिकी वर्गमित्रांना स्पेनचा व्हिसाच लागत नाही, त्यामुळे वर्गात हा विषय काढला की कोणाला कळतही नाही. ज्यांनी असा दौरा केला आहे, त्यांना प्रत्यक्षात कशाकशाचा खर्च आला?

उंबरठा:
स्पेनसह बहुतेक युरोपसाठी चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचे शुल्क ११ जून २०२४ पासून ९० युरो आहे, अर्ज घेणाऱ्या केंद्राचे सेवाशुल्क त्याहून वेगळे आणि किमान ३०,००० युरोचे संरक्षण देणारा वैद्यकीय विमाही काढावा लागतो. व्हिसा नाकारला गेला तरी शुल्क परत मिळत नाही. मात्र हा झाला जातानाचा खर्च. तुमची खरी अडचण परतीच्या वाटेवर आहे.

स्टेटस देशात राहण्यापुरते असते, दारातून आत यायला स्टॅम्प, म्हणजे पासपोर्टवरचा व्हिसा, लागतो. तुम्ही स्टेटस अमेरिकेतच बदलले असल्यामुळे पासपोर्टवर एफ-१ चा स्टॅम्प नसणार, आणि आय-२० या विद्यापीठाने दिलेल्या पात्रतेच्या दाखल्यावर प्रवासासाठीची सही असली तरी युरोपातून परतताना तेवढ्याने भागत नाही. म्हणजे स्पेनहून मुंबई गाठायची, एफ-१ व्हिसाचे १८५ डॉलर भरायचे, आधी बोटांचे ठसे, मग वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वकिलातीत मुलाखत आणि पासपोर्ट हाती पडेपर्यंत मुक्काम. सप्टेंबर २०२५ पासून अर्ज मायदेशात किंवा वास्तव्याच्या देशातच करावा अशी अमेरिकी परराष्ट्र खात्याची सूचना आहे, त्यामुळे माद्रिदमध्येच काम उरकण्याची आशा धरू नये.

माझा दौरा दहा दिवसांचा होता आणि मी सदतीस दिवस घराबाहेर होतो. त्या काळात इकडच्या रिकाम्या खोलीचे भाडे चालू राहिले, सहायकपदाचे वेतन बुडाले आणि एका विषयाची परीक्षा पुढल्या सत्रात द्यावी लागली. गंमत अशी की, मी ठेवलेल्या जमाखर्चात ‘दौरा’ या सदराखाली यातली एकही रक्कम नव्हती.

पैलतीर:
आमच्या विभागात हाच विषय टोरांटोत घेण्याची मुभा होती. कॅनडा किंवा मेक्सिकोत तीस दिवसांपर्यंत जाऊन परतणाऱ्याला, आय-९४ (अमेरिकेतल्या प्रवेशाची नोंद) आणि आय-२० वैध असल्यास, मुदत संपलेल्या जुन्या स्टॅम्पवरही आत येता येते. स्टेटस बदललेल्यांनाही हे लागू आहे. फक्त तिथे असताना अमेरिकेच्या नव्या व्हिसाचा अर्ज केला, तर ही सवलत जाते. कॅनडाचा स्वतःचा व्हिसा काढावा लागतो, तो खर्च धरा.

जमाखर्च:
विद्यापीठाकडे पैसे मागण्यापेक्षा पर्यायी विषय मागावा, असे मला वाटते. दौऱ्याचा खर्च शिक्षणाच्या अंदाजपत्रकात वाढवून देण्याची सोय असते, पण तिचा मुख्य उपयोग अमेरिकी सरकारी कर्ज घेणाऱ्यांना, आणि एफ-१ वरील विद्यार्थ्याला ते कर्जच मिळत नाही. भारतीय बँकेचे शैक्षणिक कर्ज असल्यास मात्र एक वाट आहे: इंडियन बँक्स असोसिएशनच्या आदर्श योजनेत अभ्यास सहलींचा खर्च ग्राह्य धरलेला आहे. त्यासाठी दौरा सक्तीचा असल्याचे विभागाचे पत्र घ्यावे आणि ते मंजुरीपूर्वीच जोडावे, कारण मंजूर झालेली रक्कम नंतर वाढवून घेणे फार कटकटीचे असते.

समन्वयकांना लिहिताना ‘परवडत नाही’ असे लिहू नये, कारण त्यावर हप्ते पाडून देण्याचे उत्तर येते. ‘सत्र सुरू होण्यापूर्वी परत येता येईल याची खात्री नाही’ असे लिहावे.

चैत्रपालवी:
सर्वांचे आभार. माझा एच-४ चा स्टॅम्प अजून वैध आहे, म्हणून त्यावर परतता येईल का असे आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचारले. परतता येईल, पण त्यासरशी एफ-१ जाईल आणि त्याबरोबर ग्रंथालयातली नोकरीही, असे उत्तर मिळाले. समन्वयकबाई मनाने चांगल्या आहेत, पण स्टॅम्प आणि स्टेटस या दोन वेगळ्या गोष्टी असतात हे त्यांना आजच कळले. पर्यायी विषयासाठी लेखी अर्ज दिला आहे. निर्णय पुढच्या आठवड्यात होईल. दौऱ्याची ना-परतावा अनामत भरण्याची मुदत मात्र या शुक्रवारी संपते.